न मिळणारा भाग

द्राक्षाच्या बागेत ट्रॅक्टर चालवायचा तर आधी तो बागेत शिरला पाहिजे. तुळजापूर तालुक्यातल्या काटी, सावरगाव, तामलवाडी या पट्ट्यात बागेच्या दोन ओळींत बहुधा नऊ फुटांचं अंतर असतं. त्यातही दोन्ही बाजूंनी काड्या आत झुकलेल्या, वर तारांचा मांडव किंवा वाय आकाराचे अँगल. चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर नांगराला उत्तम, पण या बोळात तो नीट वळत नाही आणि वळलाच तर घड झोडपत जातो. म्हणून बागायतदार पंधरा ते वीस अश्वशक्तीचा, बुटका आणि अरुंद ट्रॅक्टर ठेवतो. त्याच्या मागे ब्लोअर जोडलेला असतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर बागेची सगळी भिस्त या ट्रॅक्टरवर. फुटवे कोवळे असताना किंवा ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला की डावणी येते. पानांवर तेलकट डाग दिसल्यावर धावाधाव करून फारसं हाती लागत नाही. डाग दिसायच्या आत फवारणी उरकावी लागते. त्याच दिवशी ट्रॅक्टर बंद पडला आणि त्याला लागणारा भाग बाजारात मिळत नसला, तर वर्षभराची मेहनत त्या एका भागावर अडून बसते.

हा लेख त्या भागाविषयी आहे. दुकानदाराला ज्याचा नंबर माहीत नाही, कंपनीने जो बनवणं थांबवलं आहे, आणि तरीही जो घडवता येतो.

धाराशिव शहराबाहेर, सोलापूर रस्त्यालगतच्या एका शेडमध्ये असा एक जुना बागेचा ट्रॅक्टर पुन्हा उभा राहताना मी पाहिला. जपानी रचनेचा, तीन सिलिंडरचा. बांधावरच्या बाभळीखाली त्याने कित्येक पावसाळे काढले होते. बॉनेटची गंजून जाळी झालेली, नावाची पट्टी गेलेली, बॅटरी आणि डायनॅमो नाहीसे झालेले, गिअरबॉक्सवरचं झाकण निघून आत पाणी साचलेलं. मालकाला तो भंगारात घालायचा नव्हता. त्या रुंदीचा नवा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणजे कर्ज, आणि बागेवर आधीच एक कर्ज होतं. शेडच्या मिस्त्रींनी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, फ्लायव्हील हाताने हलवून पाहिलं आणि एकच विचारलं, "घाई हाय का?" घाई नव्हती. छाटणीला अवकाश होता.

हे यंत्र इथवर कसं आलं

माती नांगराने उलटण्याऐवजी फिरत्या पात्यांनी फोडायची, ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. स्वित्झर्लंडमध्ये कॉनराड फॉन मायेनबुर्ग यांनी १९१०च्या सुमारास तिची पेटंटं घेतली. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ साली वडिलांच्या शेतावर तसेच प्रयोग केले आणि त्यातून पुढे रोटाव्हेटरचा उद्योग उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जमीन सुधारणा झाल्या, शेतांचे तुकडे लहान होते, आणि तिथल्या कारखान्यांनी मागून चालत हाकायचा पॉवर टिलर घरोघर पोहोचवला. त्यातूनच पुढे चार चाकांचे छोटे ट्रॅक्टर निघाले.

भारतात हे यंत्र साठच्या दशकात रुजू लागलं. बंगळूरमध्ये १९६७ साली मित्सुबिशीच्या सहकार्याने व्हीएसटी उभी राहिली. केरळमध्ये अथाणी इथे १९७३ साली कुबोटाच्या सहकार्याने कॅम्को. पॉवर टिलर मुख्यतः भाताच्या चिखलासाठी आला होता. महाराष्ट्रात मात्र छोट्या ट्रॅक्टरला खरं घर मिळालं ते नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागांत. साडेअठरा अश्वशक्तीचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर तिथल्या ओळींत सहज फिरू लागला. धाराशिवच्या बागा त्याच पट्ट्याला लागून आहेत, त्यामुळे सोलापूर आणि सांगलीकडे वापरून झालेले ट्रॅक्टर इकडे येत राहिले.

यंत्राचं आयुष्य कंपनीच्या आयुष्यापेक्षा मोठं असू शकतं, हे मोठ्या ट्रॅक्टरांनी आपल्याला आधीच दाखवलं आहे. पिंजोरच्या एचएमटी कारखान्यात १९७१ साली झेटरच्या तंत्रावर ट्रॅक्टर बनू लागले. पंचवीस अश्वशक्तीचा २५११ हा त्यांचा नामांकित ट्रॅक्टर. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. कारखान्याचं दार बंद झालं, पण विकले गेलेले ट्रॅक्टर शेतांतच राहिले. ते चालतात, मोडतात आणि पुन्हा दुरुस्त होतात. त्यांना लागणारे भाग आता कुणाच्या हातून येतात, हा प्रश्न बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचाही आहे.

आधी उघडायचं

जाम झालेलं इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. लायनरच्या गंजाने पिस्टनच्या रिंगा धरून ठेवलेल्या असतात. ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा रिंगा तुटून लायनर ओरबाडतात. शेडमध्ये नोझल काढून तिन्ही सिलिंडरमध्ये रॉकेल आणि पातळ तेलाचं मिश्रण सोडलं आणि इंजिन तसंच ठेवलं. ते मिश्रण रिंगांच्या फटीत हळूहळू उतरतं. नंतर फ्लायव्हीलला पहार लावून थोडं पुढे, थोडं मागे, असं करत इंजिन मोकळं झालं. मग हेड उतरवलं, चेंबर खोललं, पिस्टन वर काढले.

काम खोलायचं तेव्हा शिस्त फार कडक असते. प्रत्येक जोडाचे बोल्ट वेगळ्या डब्यात. शिम कितीही पातळ असली तरी ती आपल्याच जागेच्या डब्यात, कारण बेअरिंगचा ताण तिच्यावर ठरतो. पूर्वी मिस्त्री खडूने खुणा करत, आता पोरगा हातातल्या फोनवर फोटो काढत जातो. तुटका भाग तर मुळीच टाकायचा नाही. नव्या भागाचं निम्मं माप तुटक्यात असतं. उरलेलं निम्मं तो ज्या जागी बसत होता तिथे.

लायनर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजला. सर्वांत जास्त झीज वरच्या रिंगच्या फेरीपाशी असते, कारण तिथे उष्णता आणि दाब सर्वाधिक आणि तेल सर्वांत कमी. मूळ माप काय होतं हे कळायला नावाची पट्टी नव्हती, पण ब्लॉकवर ओतलेले आकडे होते. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुधनी इथे केंद्र सरकारची कृषी यंत्रं तपासणारी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालांत ट्रॅक्टर खोलून घेतलेली सिलिंडर, पिस्टन आणि रिंगांची मापं असतात. जुन्या ट्रॅक्टरचं मॅन्युअल हरवलं असेल तर असा अहवाल मोठा आधार ठरतो. आपल्याकडे फार थोड्या गॅरेजवाल्यांना हे अहवाल माहीत आहेत. ते प्रत्येकाला माहीत व्हायला हवेत.

काय विकत घ्यायचं, काय घडवायचं

जुना ट्रॅक्टर उभा करताना पहिला निर्णय हाच. सगळंच घडवायला गेलं तर काम कधी संपत नाही. बाजारात मिळेल तेच बसवायचं म्हटलं तर ते बसत नाही.

बेअरिंग कधी घडवायचं नाही, कारण त्याची मापं जगभर ठरलेली आहेत. बेअरिंगवर ६२०५ असा आकडा असेल तर शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणायचं: आतला व्यास २५ मिलिमीटर. बाहेरचा ५२, रुंदी १५. जपानमध्ये बनलेल्या यंत्रातलं ६२०५ आणि लातूरच्या दुकानातलं ६२०५ मापाने एकच. ऑइल सीलचंही तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, हे तीन आकडे जुळले की कंपनीचं नाव विचारायची गरज नाही. पट्ट्यांचे बी, सी असे छेदही प्रमाणित आहेत. ज्या भागाला जगाने प्रमाण दिलं आहे तो विकत घ्यावा, आणि ज्याला फक्त त्या एका कंपनीच्या ड्रॉइंगने आकार दिला होता तो घडवावा, इतका हा साधा हिशेब आहे. गिअर, कंस, झाकणं, लिव्हर, घोडे, पुल्या हे दुसऱ्या यादीत येतात.

या ट्रॅक्टरच्या दुसऱ्या यादीत पाच गोष्टी आल्या: पीटीओच्या (मागच्या अवजाराला ताकद देणाऱ्या शाफ्टच्या) साखळीतला एक गिअर, पुढच्या अ‍ॅक्सलचा ओतीव ब्रॅकेट, गिअरबॉक्सचं झाकण, हायड्रॉलिकचा लिव्हर आणि बॉनेट. क्लच हाउसिंगला गेलेली चीर वेगळी. ती वेल्डिंगने सांधायची होती.

आटे

त्याआधी बोल्टांचा प्रश्न सुटायला हवा होता. ब्लॉकच्या काही भोकांत बोल्ट दोन फेरे जात आणि अडकत. भोकं १० मिलिमीटरच्या बोल्टची होती. आपल्या हार्डवेअर दुकानात सहज मिळणाऱ्या १० मिलिमीटर बोल्टच्या दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असतं. जपानी यंत्रांत त्याच जाडीच्या बोल्टला बहुतेक वेळा सव्वा मिलिमीटरचे आटे असतात. पूर्वी कुणीतरी दीडचा बोल्ट सव्वाच्या भोकात पाना लावून रेटला होता. बोल्ट पोलादाचा, ब्लॉक ओतीव; आटे ब्लॉकचे गेले.

जुन्या इंग्रजी धाटणीच्या ट्रॅक्टरांत हाच घोळ इंचांत होतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचं पहिलं प्रमाण मांडलं. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकन प्रमाणाचा कोन ६० अंश. अर्ध्या इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, अमेरिकन जाड आट्याच्या बोल्टला १३. हातात धरले तर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून शेडमध्ये आटे मोजायची पट्टी, म्हणजे थ्रेड गेज, नवशिक्याच्या हातात सगळ्यात आधी दिली जाते. इथे गेलेली भोकं मोठी करून त्यांत आतून-बाहेरून आटे पाडलेले पोलादी बुश बसवले, आणि आतले आटे पुन्हा मूळच्या सव्वाचे ठेवले. जुळतं माप टिकवणं हीसुद्धा दुरुस्तीच आहे. आज सोयीसाठी बदललेलं माप उद्याच्या मिस्त्रीला फसवतं.

पंचाहत्तर मिलिमीटर

गिअरचे दोन दात मुळापासून गेले होते. अशा वेळी दातांच्या जागी वेल्डिंगचा थर चढवून कानशीने दात कोरायची रीत जुनी आहे. हळू फिरणाऱ्या, कमी ताणाच्या जागी ती कधी कधी निभते. पण पीटीओच्या मागे ब्लोअरचा पंखा असतो. तासन् तास एकसारखा भार. तिथे नवा गिअर कापायचा असं ठरलं.

गिअर कापायला त्याचं मॉड्यूल, म्हणजे दाताचं माप, कळावं लागतं. बाहेरचा व्यास मोजायचा, दात मोजायचे, दातांच्या संख्येत दोन मिळवून त्याने व्यासाला भागायचं. दात होते २२. व्हर्निअरने व्यास आला ५९.८ मिलिमीटर. त्याला २४ ने भागलं की २.४९. झीज धरून मॉड्यूल अडीच, असं म्हणता येतं. पण एका मापावर थांबायचं नाही. जोडीच्या गिअरला ३८ दात होते. दोन्हींची बेरीज ६०. तिला अडीचने गुणून निम्मं केलं की ७५. म्हणजे दोन शाफ्टांच्या मध्यांत बरोबर ७५ मिलिमीटर अंतर असायला हवं. गिअरबॉक्सच्या भोकांवरून ते मोजलं आणि ७५च भरलं. घासलेला गिअर खोटं माप देऊ शकतो, पण हाउसिंगमधली भोकं जागची हलत नाहीत. हिशेब दोन्हीकडून जुळला तेव्हाच पोलाद कापायला घेतलं.

पुढचं काम मिलिंग मशीनवर. प्रत्येक मॉड्यूलसाठी आठ कटरांचा संच असतो, कारण दातांची संख्या बदलली की दाताची वक्रता बदलते. २१ ते २५ दातांसाठी पाच नंबरचा कटर. गिअर प्रत्येक दातानंतर नेमका बावीसावा हिस्सा फिरावा म्हणून डिव्हायडिंग हेड लागतं. त्याचा दांडा ४० फेरे फिरला की काम एक फेरा फिरतं. ४० भागिले २२ म्हणजे एक पूर्ण फेरा आणि नऊ अकरांश. ३३ भोकांच्या चकतीवर नऊ अकरांश म्हणजे २७ भोकं. म्हणून दर दाताला एक फेरा आणि वर २७ भोकं, असं बावीस वेळा. एकदा मोजायचं चुकलं तर शेवटचा दात अर्धा येतो आणि सगळी चकती वाया जाते. मशीनवरच्या तरुणाशी त्या वेळात कुणी बोलत नव्हतं.

पोलाद निवडण्यातही जाण लागते. दाताचं अंग चिवट हवं, नाहीतर झटक्याने तुटेल. पृष्ठभाग कठीण हवा, नाहीतर झिजेल. दोन्ही एकत्र हवं असेल तर कमी कार्बनचं, क्रोमियम-मँगनीजचं पोलाद घेतात, दात कापून झाल्यावर ते कार्बन देणाऱ्या वातावरणात नऊशे अंशांच्या वर तापवतात आणि मग तेलात विझवतात. कार्बन वरच्या मिलिमीटरभर थरातच मुरतो. तेवढाच थर काचेसारखा कठीण होतो, आतला गाभा चिवट राहतो. लोहार विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी देतो तेच शास्त्र, फक्त इथे अंशांचा आणि तासांचा हिशेब काटेकोर. हे काम सोलापूरला भट्टीवर झालं. परत आलेल्या गिअरवर मिस्त्रींनी कानस ओढून पाहिली. कानस घसरली, ओरखडा उमटला नाही. भट्टीत भोक जरासं आवळतं म्हणून आत थोडं माप राखलेलं होतं. ते ग्राइंडिंगने काढलं आणि गिअर शाफ्टवर चढला.

ओतकाम

पुढच्या अ‍ॅक्सलचा ब्रॅकेट दोन तुकडे होऊन पडला होता. त्याची लांबी सुमारे ३०० मिलिमीटर. तुकडे जोडून तोच वाळूत दाबायचा आणि ओतून घ्यायचं, हा मार्ग सगळ्यांना सुचतो. पण ओतीव लोखंड थंड होताना साधारण शेकडा एक आकसतं. तीनशेचा ब्रॅकेट वाळूतून २९७चा निघाला असता आणि बोल्टांची भोकं जुळली नसती. म्हणून सुताराकडून सागवानाचा पॅटर्न करून घेतला: सगळीकडे शेकडा एक मोठा, जिथे मशीन लागणार तिथे तीन मिलिमीटर जास्त, आणि वाळूतून अलगद उचलता यावा म्हणून कडांना किंचित ढाळ. भोकांची अंतरं तुटक्या ब्रॅकेटवरून घेतली नाहीत. तो मोडण्याआधी वाकला होता. ती ट्रॅक्टरच्या सांगाड्यावरून घेतली.

धातू कोणता, यावरही विचार झाला. साध्या ओतीव लोखंडात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं आणि चीर त्या पापुद्र्यांवरून धावत जाते. वितळलेल्या लोखंडात थोडं मॅग्नेशियम घातलं तर तेच ग्रॅफाइट गोल मण्यांसारखं जमतं आणि लोखंड चिवट होतं. त्याला एसजी आयर्न म्हणतात. पुढच्या चाकांचे धक्के झेलणारा भाग म्हणून हा ब्रॅकेट एसजीचा ओतला. ज्या फाउंड्रीत रोज शेकडो नग ओतले जातात, तिथे एका नगासाठी साचा धरायला कुणी तयार व्हावं लागतं. सोलापुरात तसं कुणी भेटलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांतही अशी माणसं आहेत, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या यंत्रांचं आयुष्य त्यांच्या या तयारीवर वाढलेलं आहे.

ओतकामाशी या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. विजापूरला जाणारे लोक जी मुलुखमैदान तोफ बघतात, ती १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ साली विजापूरला नेण्याआधी आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती. सुमारे ५५ टनांचा तो एकसंध ओतीव धातू. पुढे पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येणं आटलं, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून मिळालेल्या निकामी तोफा वितळवून नांगर केले. किर्लोस्करवाडीचा कारखाना तेव्हा नुकता उभा राहिलेला, १९१० सालचा. माल मिळत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नाही, ही रीत महाराष्ट्रातल्या यंत्रकारांनी तेव्हाच घालून दिली.

क्लच हाउसिंगची चीर मात्र ओतून सुटणारी नव्हती. तिथे चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे धावणार नाही. कडा खोबणीसारख्या घासल्या, हाउसिंग सावकाश तापवलं, निकेलच्या रॉडने इंच-इंच वेल्डिंग केलं आणि प्रत्येक इंचानंतर हातोडीने ठोकून ताण मोकळा केला. शेवटी सगळं राखेत पुरून ठेवलं. ओतीव लोखंड एकदम थंड झालं की वेल्डच्या शेजारी नवी चीर पडते. राखेत ते रात्रभर निवत राहतं.

कुणी न मागितलेला भाग

मालकाच्या यादीत नसलेला एक भाग मिस्त्रींनी स्वतःहून केला: पीटीओवरचं संरक्षक झाकण. मूळचं कधीच हरवलेलं होतं. बागांतून फिरलं तर बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांवर ते नसतं. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर, उपरण्याचं टोक किंवा सदऱ्याची बाही त्यात गेली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. फवारणीच्या वेळी औषधाची टाकी भरायला, कॉक बघायला माणसं ट्रॅक्टरच्या मागेच उभी असतात, आणि त्यांत बायकाही असतात.

ते झाकण दोन मिलिमीटर पत्र्याचं, वाकवून चार बोल्टांवर बसवलेलं. सबंध ट्रॅक्टरवर याच्याइतकं स्वस्त काम दुसरं झालं नसेल. जुनं यंत्र उभं करणं म्हणजे ते चालू करणं एवढंच समजलं जातं. माझ्या मते हे झाकण बसल्याशिवाय कोणत्याही ट्रॅक्टरचं काम पुरं झालं असं म्हणू नये, आणि मालकाने मागितलं नाही तरी प्रत्येक गॅरेजने ते बसवून द्यावं.

डिझेल पंप लॅबमध्ये तिन्ही एलिमेंटांतून सारखं डिझेल पडतं की नाही हे काचनळ्यांत मोजून घेतलं. नोझलचा फवारा तपासला. पंप बसल्यावर लाइनमधली एअर काढली. इंजिन धरलं तेव्हा पहिल्यांदा पांढरा धूर आला, नंतर तो निवळला. मग भार न देता, थोड्या वेगाने, रिंगा लायनरला बसेपर्यंत ते चालू ठेवलं. तेल बदललं, हेडचे बोल्ट पुन्हा एकदा ठरलेल्या क्रमाने आवळले.

ही कला आपल्या आसपासच आहे

परंडा तालुक्याच्या शेजारी कुर्डुवाडी आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि पुढे येडशी, ढोकीवरून १९११ साली लातूरला पोहोचली. इंजिनं इंग्लंडहून आलेली. त्यांची दुरुस्ती कुर्डुवाडीच्या कारखान्यात होई. ती छोटी गाडी गेली, रूळ रुंद झाले, पण कारखाना राहिला आणि माथेरानच्या डोंगरगाडीचे डबे तिथे तयार होऊ लागले. दुसरीकडे सोलापूरला १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना जगभरच्या मोटारींसाठी कॅमशाफ्ट बनवतो आहे. म्हणजे धाराशिवच्या एका बाजूला शंभर वर्षांपूर्वीची दुरुस्तीची परंपरा आणि दुसऱ्या बाजूला आजचं अचूक ओतकाम, दोन्ही हाताच्या अंतरावर आहेत. या दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे शेडमधला लेथवाला. त्याची मोजदाद कुठल्याही औद्योगिक यादीत नीट होत नाही.

सरकारी योजनांत अनुदान मिळतं ते नव्या यंत्राच्या खरेदीला. जुनं यंत्र उभं करण्याचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो. जगात मात्र विचार बदलतो आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. कंपनीने शेतकऱ्याला आणि स्वतंत्र मेकॅनिकला भाग, साधनं आणि माहिती द्यावी, असं तो सांगतो. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि ज्या चार क्षेत्रांचा विचार तिने करायचा होता त्यांत शेती अवजारं होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यासाठीचं पोर्टलही सुरू झालं. हे पाऊल महत्त्वाचं आहे. पण ज्या यंत्राची कंपनीच बंद झाली किंवा ज्याचं मॉडेल सोडून दिलं गेलं, त्याची माहिती मागायची कुणाकडे? ती आपणच जमवायला हवी.

कागद

या ट्रॅक्टरसाठी घडवलेल्या गिअरचं माप मिस्त्रींनी लेथच्या मागे भिंतीवर खडूने लिहिलं होतं. दात २२, मॉड्यूल अडीच, भोक, चावीची रुंदी, जाडी. त्याच्या शेजारी दुसऱ्या यंत्रांची मापं होती, काही अर्धी पुसलेली. त्या भिंतीवर कित्येक यंत्रांचं ज्ञान आहे, आणि शेडला नवा रंग दिला की ते जाईल. मिस्त्री थकले, मुलगा पुण्याला कंपनीत लागला, की उरलेलंही जाईल. दहा कोसांवरच्या दुसऱ्या शेडमध्ये त्याच मॉडेलचा तोच गिअर पुन्हा पहिल्यापासून मोजला जाईल.

यावर उपाय अवघड नाही. आपल्या जिल्ह्यात आयटीआय आहेत; टर्नर, फिटर, मशिनिस्ट, मेकॅनिक ट्रॅक्टर हे तिथल्या अभ्यासक्रमांतले व्यवसाय. मुलांना ड्रॉइंग शिकवायला पुस्तकातले ठोकळे दिले जातात. त्याऐवजी वर्षातून काही दिवस त्यांना गॅरेजमध्ये पाठवावं आणि घडवलेल्या प्रत्येक भागाचं खरं ड्रॉइंग करायला लावावं: माप, सहनशीलता, धातू, कोणत्या पोलादाला कोणती भट्टी, आणि कोणत्या यंत्राच्या कोणत्या मॉडेलला तो बसतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ती ड्रॉइंगं तपासून जमा करावीत आणि कुणालाही फुकट मिळतील अशी ठेवावीत. मिस्त्रीचं नाव ड्रॉइंगवर छापावं आणि त्याला प्रत्येक ड्रॉइंगचं मानधन द्यावं. ही त्याची बौद्धिक कमाई आहे. ती आपण आजवर गृहीत धरत आलो.

असं झालं तर भूममधल्या बागायतदाराला तुटका गिअर घेऊन सोलापूर, कोल्हापूर अशी वणवण करावी लागणार नाही. तो जवळच्या लेथवाल्याकडे एक कागद घेऊन जाईल. लेथवाल्याला मोजावं लागणार नाही, फक्त पडताळावं लागेल. आणि आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाला कळेल की पुण्या-चाकणच्या कारखान्यात जे अचूक काम होतं, त्याच दर्जाचं काम त्याच्या तालुक्यातही हवं आहे आणि त्यावर तो आपलं घर चालवू शकतो. पहिलं ड्रॉइंग कोणत्या भागाचं करायचं, हेही ठरवायला वेळ लागू नये: पीटीओवरच्या झाकणाचं. ते साधं आहे, विद्यार्थ्याला एका दिवसात जमेल, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक बागेला त्याची गरज आहे.